पुस्तक महोत्सवात स्वतःचे पुस्तक विकताना : पहिल्या हिशेबापासून शेवटच्या खोक्यापर्यंत

पुण्यात २०२३ पासून दर डिसेंबरमध्ये फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव भरतो आणि त्यामुळे स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढणाऱ्या लेखकालाही वाचकासमोर थेट उभे राहता येते. तरीही असे अनेक लेखक नऊ दिवसांनंतर जवळपास तेवढेच खोके घरी परत नेतात आणि त्याचे खापर वाचनसंस्कृतीच्या ऱ्हासावर फोडतात. बहुतेक वेळा कारण बरेच साधे असते. कामांचा क्रमच उलटा लागलेला असतो. आधी प्रती छापल्या जातात, मग स्टॉल घेतला जातो, मग स्वतःच्या छायाचित्राचा बॅनर तयार होतो, आणि किती सवलत द्यायची याचा विचार पहिले गिऱ्हाईक समोर उभे राहिल्यावर सुरू होतो. पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत. हा लेख एक ते तीन पुस्तके हाताशी असलेल्या लेखकासाठी आहे. प्रकाशनसंस्थेचे गणित वेगळे असते, त्यात येथे शिरलेलो नाही.

१. स्टॉलची चौकशी करण्याआधी एका प्रतीचा हिशेब मांडा

एका कागदावर चार आकडे लिहावेत : छापील किंमत, महोत्सवात प्रत्यक्ष आकारायची किंमत, एका प्रतीचा छपाईखर्च आणि महोत्सवाचा एकूण खर्च. या शेवटच्या आकड्यात स्टॉलचे भाडे, प्रतींची ने-आण, मदतनिसाचे मानधन, बॅनर, पिशव्या आणि रोजचा चहा-जेवणाचा खर्च धरावा. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, त्यामुळे केवळ पुस्तकेच विकणाऱ्या लेखकाला त्याची नोंदणी करावी लागत नाही. मात्र याच कारणाने भाड्यावर आकारलेला जीएसटी त्याला वजाही मिळत नाही, म्हणून ती रक्कमही खर्चातच मिळवावी.

उदाहरणादाखल असे धरू की, पुस्तकाची छापील किंमत २५० रुपये आहे, २० टक्के सवलतीने ते २०० रुपयांना विकायचे आहे आणि छपाईखर्च प्रतीमागे ९० रुपये आला आहे. म्हणजे प्रत्येक प्रतीमागे ११० रुपये हाती राहतात. स्टॉलमधील वाट्याचे भाडे ८,००० रुपये, मदतनीस रोज ५०० प्रमाणे नऊ दिवसांचे ४,५०० आणि बाकी किरकोळ २,५०० असा एकूण खर्च १५,००० रुपये झाला, तर तो नुसता भरून निघायलाच १३७ प्रती विकाव्या लागतात. रोजच्या पंधरा-सोळा प्रती झाल्या. हा आकडा आपल्या पुस्तकाला झेपणारा आहे का, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारावे.

आता त्याच पुस्तकाचे दुसरे गणित पाहू. महोत्सवात स्टॉल असलेल्या एखाद्या प्रकाशकाने किंवा अप्पा बळवंत चौक या पुस्तकांच्या बाजारपेठेतील विक्रेत्याने ४० टक्के कमिशनवर, विक्रीनंतर पैसे देण्याच्या बोलीने, प्रती ठेवून घेतल्या असे धरा. लेखकाला प्रतीमागे १५० रुपये मिळतात आणि छपाईखर्च वजा जाता ६० रुपये उरतात, परंतु महोत्सवाचा कोणताही खर्च त्याच्यावर पडत नाही. दोन्ही बाजूंची तुलना केली तर ३०० प्रतींना दोन्ही वाटा सारख्या ठरतात, आणि त्याहून कमी विक्री होणार असेल तर स्वतः स्टॉलवर उभे राहणे हा तुलनेने तोट्याचा व्यवहार असतो. अर्थात दुसऱ्याच्या मांडणीत आपले पुस्तक शंभर पुस्तकांपैकी एक असते आणि तेथे ते तितके खपेलच असे नाही. वाचकांशी होणाऱ्या ओळखीची किंमतही या गणितात धरलेली नाही. तिच्यासाठी तोटा सोसायची तयारी असेल तर तो जरूर सोसावा, पण किती, हे आधी ठाऊक असावे.

पुस्तक अजून छपाईला जायचे असेल तर छापील किंमत ठरवताना सवलतीनंतरचा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा. २५० रुपयांवर २० टक्के सूट दिली की सरळ २०० होतात, २२५ वर १८० होतात. २८० वर मात्र २२४ होतात, आणि मग गर्दीच्या वेळी प्रत्येक गिऱ्हाइकामागे एक रुपया शोधत बसावे लागते. याच टप्प्यावर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांकही घ्यावा. राजा राममोहन रॉय यांच्या नावाने असलेल्या राष्ट्रीय संस्थेकडून तो विनामूल्य मिळतो, मात्र अर्ज मंजूर होण्यास वेळ लागू शकतो.

*इशारा :* छापलेल्या किमतीवर वाढीव किमतीची चिकटपट्टी लावू नये. वाचक ती नखाने उचलून पाहतो, आणि खालचा आकडा दिसल्यावर पुस्तक परत ठेवतो.

२. जागा कशी घ्यावी

एकच पुस्तक असलेल्या लेखकाने पूर्ण स्टॉल घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तीन मीटर लांबीच्या टेबलावर एकाच मुखपृष्ठाच्या चाळीस प्रती मांडलेल्या दिसल्या की जाणाऱ्या-येणाऱ्याला तो पुस्तकांचा स्टॉल न वाटता प्रचाराचा वाटतो आणि तो लांबूनच वळसा घालतो. दोन-तीन लेखकांनी मिळून जागा घेणे हा सर्वांत चांगला मार्ग आहे. त्यातही पुस्तकांचा विषय किंवा वाचक एकमेकांच्या जवळचा असावा. बालकवितांशेजारी गुंतवणुकीचे पुस्तक मांडले तर दोघांनाही एकमेकांचे गिऱ्हाईक मिळत नाही.

अर्ज भरण्यापूर्वी त्या वर्षीची नियमावली संपूर्ण वाचावी, कारण नियम आणि दर दरवर्षी सारखे राहतातच असे नाही. आयोजकांना पुढील गोष्टी लेखी विचाराव्यात : स्टॉल वाटून घेण्यास परवानगी आहे का, टेबले, खुर्च्या आणि दिवे किती मिळतात, वीजजोडणी आहे का, रात्री मैदानावर पहारा असतो का, आणि प्रती आत आणण्याची वेळ कोणती. शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण फर्ग्युसन रस्त्यावर गाडी उभी करून खोके उतरवणे दिवसा जवळजवळ अशक्य असते. प्रवेशद्वारापासून स्टॉलपर्यंतचे अंतर पायी कापावे लागते हे धरून एखादी घडीची ढकलगाडी मागून ठेवावी.

भागीदारांमध्ये तोंडी ठरलेले तिसऱ्या दिवशी कोणालाच नीट आठवत नाही. कोण कोणत्या वेळी थांबणार, भाड्याचा वाटा किती, टेबलावरील जागा कशी विभागायची आणि दुसऱ्याचे पुस्तक आपण विकले तर नोंद कोठे करायची, एवढे एका कागदावर लिहून सर्वांनी सह्या कराव्यात. मैत्री टिकवण्याचा तो स्वस्त उपाय आहे.

*तपासणी :* पैसे भरल्याची पावती, स्टॉल क्रमांक आणि आयोजकांच्या माणसाचा दूरध्वनी क्रमांक हे तीनही हातात येईपर्यंत निमंत्रणपत्रिका किंवा समाजमाध्यमांवरील घोषणा करू नये.

३. प्रती किती न्याव्यात आणि कशा बांधाव्यात

डेमी (सुमारे साडेपाच बाय साडेआठ इंच) आकाराच्या, ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाच्या) कागदावर छापलेल्या २०० पानी पुस्तकाचे वजन साधारणपणे २३० ते २४० ग्रॅम भरते. म्हणजे शंभर प्रतींचा खोका चोवीस किलोंच्या आसपास जातो आणि तो एकट्याने उचलता येत नाही. शिवाय उचलताना तळ फाटून खालच्या प्रतींचे कोपरे दुमडतात ते वेगळेच. एका खोक्यात चाळीस प्रती भराव्यात. पुस्तके आडवी ठेवावीत आणि एका थरात कणा डावीकडे, तर पुढच्या थरात उजवीकडे अशी आलटून-पालटून रचावीत, म्हणजे कण्याच्या बाजूला फुगवटा येऊन गठ्ठा कलंडत नाही. प्रत्येक खोक्यावर पुस्तकाचे नाव आणि प्रतींची संख्या बाहेरून लिहावी.

सर्व प्रती पहिल्याच दिवशी मैदानावर नेऊ नयेत. महोत्सव शनिवारी सुरू होऊन पुढच्या रविवारी संपला तर त्यात दोन शनिवार आणि दोन रविवार येतात, आणि विक्रीचा मोठा भाग या चार दिवसांत आणि इतर दिवशीच्या संध्याकाळी होतो. पहिल्या शनिवार-रविवारसाठी दोन खोके न्यावेत आणि उरलेला साठा डेक्कन किंवा शिवाजीनगर परिसरातील परिचितांकडे ठेवावा. सोमवारी खप पाहून पुढची भर घालावी. आठवड्याच्या मधल्या दिवसांत सकाळी शाळांची मुले येतात. त्यांच्या खिशात पन्नास-शंभर रुपये असतात, तेव्हा आपले पुस्तक मोठ्यांसाठी असेल तर त्या वेळी स्टॉलवर तिघांनी थांबण्याचे कारण नाही.

साठ्यासोबत न्यायच्या वस्तूंची यादी छोटी आहे : धूळ पुसायला मऊ फडके, रात्री झाकायला जाड प्लॅस्टिक, कात्री, चिकटपट्टी, दोरी, वायरीचा विस्तारफलक (एक्स्टेन्शन बोर्ड), चिमट्याने अडकवायचा दिवा, पावतीपुस्तक, हिशेबवही, चार पेने आणि कागदी पिशव्या. डिसेंबरमध्ये पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि ऐन गर्दीच्या वेळी मांडवातील दिव्याची सावली नेमकी पुस्तकांवर पडते, म्हणून तो दिवा विसरू नये. मैदानाची धूळही कमी नसते. पांढऱ्या, मॅट लॅमिनेशनच्या (चकाकी नसलेल्या प्लॅस्टिक थराच्या) मुखपृष्ठावर बोटांचे ठसे आणि धूळ दोन दिवसांत दिसू लागते. तसे मुखपृष्ठ असल्यास मांडणीतील प्रती रोज बदलाव्यात.

४. टेबलाची मांडणी

मुखपृष्ठ समोरून, उभे, आणि लांबून दिसेल असे ठेवावे. पुस्तकांचे आडवे गठ्ठे टेबलाच्या मागील बाजूस असावेत, कारण पुढच्या काठावर रचलेला गठ्ठा वाचक आणि लेखक यांच्यामध्ये भिंतीसारखा उभा राहतो. पुढच्या काठावर एकच नमुना प्रत उघडी ठेवावी आणि तिच्यावर 'वाचण्यासाठी' अशी ठळक चिठ्ठी लावावी. ही चिठ्ठी नसेल तर लोक प्रत हाताळायला संकोचतात, आणि पुण्यातला वाचक मलपृष्ठ, अनुक्रमणिका आणि मधले एखादे पान उभ्या उभ्या वाचल्याशिवाय पाकिटाला हात घालत नाही. तो वाचत असताना त्याच्याशी बोलू नये.

किमतीचा फलक हवाच. 'छापील किंमत २५०, महोत्सवात २००' एवढे मोठ्या अक्षरांत, तीन पावलांवरून वाचता येईल असे लिहावे. किंमत विचारावी लागली की अर्धे लोक विचारत नाहीत, पुढे जातात. सवलत सर्वांना एकच असावी. ओळखीच्याला ३० टक्के आणि अनोळखी माणसाला २० टक्के असे केले की शेजारी उभा असलेला वाचक ते ऐकतो, आणि मग दिवसभर घासाघीस चालू राहते. अपवाद ग्रंथालयांचा. त्यांचे प्रतिनिधी अधिक सवलत मागतात आणि ती द्यावीही, पण त्यांना पुस्तकाचे नाव, प्रकाशकाचे नाव, प्रतींची संख्या आणि दर लिहिलेले पक्के बिल लागते. कोऱ्या चिठ्ठीवर आकडेमोड करून दिलेला कागद त्यांच्या हिशेबात चालत नाही.

बॅनरवर लेखकाच्या छायाचित्रापेक्षा पुस्तकाचा विषय मोठा असावा. लेखकाला कोणी ओळखत असेल तर त्याचा चेहरा समोर आहेच.

*तपासणी :* मांडणी झाल्यावर रस्त्याच्या पलीकडच्या स्टॉलपाशी जाऊन उभे राहा. तेथून पुस्तकाचे नाव आणि किंमत वाचता येत नसेल तर मांडणी बदला.

५. पैसे घेण्याची व्यवस्था

बहुतेक वाचक यूपीआयने पैसे देतात, परंतु शनिवारी संध्याकाळी मैदानावर एवढी गर्दी असते की मोबाइलचे नेटवर्क कोलमडते. अशा वेळी तीन सोयी हाताशी असाव्यात : दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे असलेले फोन, छापील क्यूआर कोडच्या दोन प्रती, आणि सुट्ट्या पैशांचा डबा. पुस्तक २०० रुपयांना असेल तर पाचशेची नोट देणाऱ्याला तीनशे परत करावे लागतात, त्यामुळे डब्यात शंभरच्या नोटा सर्वांत जास्त हव्यात. त्या बँकेतून आठवडाभर आधी आणाव्यात. शेजारच्या स्टॉलकडून सुट्टे मागत फिरणे दोघांच्याही विक्रीत खोडा घालते.

पैसे मिळाल्याची खात्री स्वतःच्या फोनवरील संदेशावरून किंवा पैसे जमा झाल्याचे बोलून सांगणाऱ्या यंत्रावरून करावी. गिऱ्हाइकाने दाखवलेल्या पडद्यावर विसंबून राहू नये. प्रत्येक वेळी त्यात लबाडी असते असे नाही, अनेकदा व्यवहार खरोखरच अडकलेला असतो आणि तो दोघांनाही कळत नाही. पैसे आले नाहीत तर वाचकाचा क्रमांक घेऊन, प्रत बाजूला ठेवून, शांतपणे थांबायला सांगावे.

स्टॉल भागीदारीत असेल तर प्रत्येक लेखकाचा वेगळा क्यूआर कोड लावण्याचा मोह टाळावा. वाचक तीन लेखकांची तीन पुस्तके घेतो आणि त्याला तीनदा पैसे भरायला सांगितले की तो त्यांपैकी दोन परत ठेवतो. एकाच खात्यावर पैसे घ्यावेत, वहीत पुस्तकानुसार नोंद करावी आणि रोज रात्री वाटणी पूर्ण करावी. दुसऱ्या दिवसावर ढकललेली वाटणी नवव्या दिवशी वादाचे कारण होते.

वहीत 'रोख', 'यूपीआय' आणि 'भेट' असे तीन रकाने आखावेत. तिसरा रकाना मुद्दाम सांगतो आहे, कारण महोत्सवात साहित्यक्षेत्रातील परिचित येतात, कौतुकाने पाठ थोपटतात आणि 'परीक्षण लिहितो' म्हणत प्रत काखोटीला मारून जातात. भेट द्यायच्या प्रतींची संख्या पहिल्या दिवसाआधीच ठरवावी, त्या वेगळ्या पिशवीत ठेवाव्यात, आणि पिशवी रिकामी झाली की हसतमुखाने सवलतीची किंमत सांगावी.

६. वाचकाशी काय बोलावे

येथे सर्वाधिक लेखक चुकतात, आणि चूक एकच असते : ते पुस्तकाऐवजी ते लिहिण्याच्या कष्टांविषयी बोलतात. किती वर्षे लागली, किती प्रकाशकांनी नाकारले, प्रस्तावना कोणाची आहे, हे वाचकाला त्या क्षणी नको असते. हे पुस्तक कशाबद्दल आहे आणि ते आपल्यासाठी आहे का, एवढेच त्याला समजून घ्यायचे असते. म्हणून घरीच दोन वाक्ये तयार करावीत. पहिल्यात विषय, दुसऱ्यात वाचक. उदाहरणार्थ : "१९६१ च्या पानशेतच्या पुरात नदीकाठचा वाडा गमावलेल्या एका कुटुंबाची ही कादंबरी आहे. जुन्या पुण्यात वाढलेल्यांना आणि ते पुणे फक्त आजी-आजोबांकडून ऐकलेल्यांना ती जवळची वाटेल." यानंतर थांबावे. वाचकाने प्रश्न विचारला तर बोलावे, नाही विचारला तर त्याला वाचू द्यावे.

"या काकू, बघा तरी" अशी हाळी घालू नये; ती भाजीबाजारात शोभते. त्याचबरोबर खुर्चीत बसून मोबाइलमध्ये मान घालणेही तितकेच घातक असते. टेबलाच्या मागे न बसता बाजूला उभे राहावे, म्हणजे समोरच्याला अडवल्यासारखे वाटत नाही आणि आपल्यालाही त्याच्याबरोबर पान उलटून दाखवता येते. नऊ दिवस दहा-दहा तास उभे राहणे एकट्याला जमत नाही, हे पहिल्या टप्प्यात मदतनिसाचे पैसे धरण्यामागचे कारण. त्या मदतनिसाने पुस्तक वाचलेले असावे. न वाचलेल्या पुस्तकाबद्दल "छान आहे" म्हणणारा विक्रेता वाचक लगेच ओळखतो.

'नंतर येऊन घेतो' म्हणणाऱ्यांपैकी थोडेच परत येतात. त्यांना पुस्तकाचे नाव, स्टॉल क्रमांक आणि महोत्सवानंतर पुस्तक कोठे मिळेल एवढी माहिती असलेली एक खूणपट्टी द्यावी. तीवर कवितेच्या ओळी छापण्यापेक्षा मागवण्यासाठीचा क्रमांक मोठा छापावा.

७. स्वाक्षरी

स्वाक्षरी पैसे मिळाल्यानंतरच करावी, कारण एखाद्याच्या नावाने स्वाक्षरी केलेली प्रत दुसऱ्याला विकता येत नाही. नाव कसे लिहायचे ते वाचकाकडूनच कागदाच्या चिठ्ठीवर लिहून घ्यावे. ऋ आणि रु, श्री आणि सौ यांच्या गफलतीत चांगली प्रत वाया जाते. स्वाक्षरी शीर्षकपानावर करावी. गुळगुळीत आर्ट पेपरवर जेल पेनाची शाई बराच वेळ ओली राहते आणि पुस्तक मिटताच समोरच्या पानावर उमटते, तेव्हा अशा कागदावर आधी एका खराब प्रतीवर पेन चालवून पाहावे.

८. शेवटचा दिवस आणि त्यानंतरचे काम

शेवटच्या रविवारी संध्याकाळी खोके परत न्यावे लागू नयेत म्हणून निम्म्या किमतीत पुस्तक विकण्याची घाई होते. ती करू नये. आठवडाभर २०० रुपये देऊन गेलेल्या वाचकाच्या कानावर ती बातमी जाते, आणि पुढच्या पुस्तकाच्या वेळी तोच वाचक शेवटच्या दिवसाची वाट पाहतो. उरलेल्या प्रती मोजाव्यात. नेलेल्या प्रतींमधून विकलेल्या, भेट दिलेल्या आणि खराब झालेल्या प्रती वजा केल्या की हा आकडा जुळायला हवा. जुळला नाही तर त्याच रात्री वही तपासावी, आठवड्यानंतर काहीही आठवत नाही.

कोपरे दुमडलेल्या प्रती चांगल्या प्रतींपासून वेगळ्या बांधाव्यात. चांगल्या प्रती विक्रेत्याकडे ठेवायच्या असतील तर प्रतींची संख्या, कमिशनचा दर आणि हिशेबाची तारीख लिहिलेल्या चलनावर दुकानाचा शिक्का व सही घ्यावी. तोंडी विश्वासावर ठेवलेल्या प्रतींचा माग पुढे लागत नाही. दुकानदार लबाड नसला तरी त्याच्याकडे शेकडो लेखकांचे गठ्ठे असतात.

महोत्सवात नोंदवलेल्या मागण्या त्याच आठवड्यात टपालाने रवाना कराव्यात. पुस्तकाला आधी प्लॅस्टिकचे आवरण, त्यावर चारही कोपरे झाकतील असा पुठ्ठा आणि त्यावर जाड कागद, अशा क्रमाने वेष्टन करावे, कारण वाटेत सर्वांत आधी कोपरेच ठेचतात. पत्ता दोनदा लिहावा, एकदा बाहेर आणि एकदा आतील चिठ्ठीवर. पाकीट टपाल कार्यालयात जमा केल्यावर पावतीवरील क्रमांक वाचकाला त्याच दिवशी कळवावा.